नव्या माणसाची किळस

"जुना मानूस मेला, भाऊ. हा नवा हाय," असं म्हणून तो छातीवर थाप मारायचा. रोगी आला की थाप, पाद्रीसाहेब दिसले की थाप. बुऱ्हाणपुरात मिशनच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो आणि तो जखमा धुणारा. ओट्यावर बसलेले रोगी त्याला 'नवा' म्हणूनच हाक मारीत, आणि तो ओ देई.

मला त्याची किळस होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुठं मी मऊ झाल्यासारखा वाटलो तर तुम्ही फसणार नाही.

एकदा दापोऱ्याहून एक शेतकरी आला. पायाच्या जखमेत अळ्या वळवळत होत्या. मी दारातूनच फिनेलची बाटली आत सरकवली. हा मांडी घालून बसला आणि चिमट्यानं एकेक अळी काढत त्याच्याशी कापसाच्या गप्पा मारू लागला. मग हात धुतले आणि तिथंच भाकरी सोडली. "या ना, कंपाउंडर बाबू, ठेचा हाय." मी दारातूनच मागं फिरलो.

त्याहून किळस रविवारची. प्रार्थनेनंतर तो उभा राहून आपली जुनी पापं सांगे. बाप्तिस्मा घेण्याआधी तो प्लेगातली मढी उचलायचा आणि त्यांच्या अंगावरचं सोनं ओरबाडायचा. कीर्तनकार रंगात येतो तसा हा रंगात येई. बायका "अरे देवा" म्हणत, तो डोळे पुसे, पेटी वाजे आणि सगळे हलके होऊन घरी जात. मी हिंदू, आत जायचं मला कारण नव्हतं. पण व्हरांड्यापर्यंत सगळं ऐकू येई.

एका रविवारी औषधांच्या कपाटाची किल्ली द्यायला मी तिथं थांबलो होतो.

"इतवाऱ्यातलं घर," तो सांगत होता. "दारात कलाबतूचं चक्र. बाई मरून पडलेली. तिचा मालक शेजारी तापानं फणफणलेला, उठायचं बळ नाही, नुसता पाहे. आम्ही चौघं, तोंडाला फडकी बांधलेली. मी बुगडी ओढली, निघेना. हिसका दिला तं कानच फाटला. तो मालक म्हने, 'हळू न्या रे तिला.'"

मी व्हरांड्याच्या कडेला जाऊन ओकलो.

ते जरीची तार वळायचं चक्र आमचं होतं. प्लेगच्या त्या दिवसांत मी खंडव्याला शिकत होतो. आई गेल्याचं मला चार दिवसांनी कळलं. फाटलेल्या कानाची गोष्ट आबांनी, माझ्या वडिलांनी, मला एकदाच सांगितली होती. त्या वेळी आपण स्वतः काय म्हणालो तेही.

लोक पांगल्यावर मी त्याला गाठलं. "ती बाई माझी आई."

त्याचा हात छातीकडं गेला आणि मध्येच थांबला.

"प्रभूनं माफ केलं म्हणतोस. माझ्या आईच्या वतीनं माफ करायला त्याला कुणी सांगितलं?"

तो म्हणाला, "कोनीच नाही." मग म्हणाला, "मला मारा, बाबू."

"तुला हात लावायचीही किळस येते," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी तो बोलायला उभा राहिला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पाद्रीसाहेबांनी मला काळजीनं विचारलं, त्याची तब्येत बरी नाही का? इतकी चांगली साक्ष दुसरं कुणी देत नव्हतं म्हणे. त्या दिवशी मला साहेबांचीही किळस आली.

त्याच हिवाळ्यात आबांच्या पाठीवर काळपुळी उठली. तळहाताएवढी, जागोजाग तोंडं पडलेली. वासानं शेजारी फिरकेनात. मी औषधं देणारा माणूस, पण पट्टी सोडली की मला अंधारी येई. जन्मदात्याची किळस येणं म्हणजे काय, हे तुमच्यापैकी ज्यांना ठाऊक असेल ते कुणाला सांगणार नाहीत. दवाखान्याच्या डॉक्टर मडम म्हणाल्या, रोज दोनदा जखम धुतली नाही तर म्हातारा हातचा जाईल. तिसऱ्या दिवशी मीच मान खाली घालून त्या 'नव्या'ला म्हणालो, "घरी ये."

तो येऊ लागला. आबांना एवढंच ठाऊक, की हा मिशनचा माणूस. मी विटाळाचा विषय काढला तर म्हणाले, "पाठ सडली, आता बाटायचं काय उरलं?" यावर दोघं हसले. ते हसणं ऐकून सगळं सांगून टाकावंसं वाटे. पण मग पट्टी कोण बांधणार? म्हणून मी गप्प बसे. त्या गप्प बसण्याइतकी किळस मला त्याचीही कधी आली नव्हती.

अखेर त्यानंच सांगितलं. जखम धुता धुता, आबांच्या पाठीमागून. रंगवलं नाही, डोळे पुसले नाहीत. "तुमच्या घरच्या बाईची बुगडी मी ओढली होती. तुम्ही म्हनले, हळू न्या. मी हळू नेलं नाही." प्रभूचं नाव त्यानं एकदाही घेतलं नाही.

आबा पालथे पडले होते. त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं. उशीवरची मूठ तेवढी आवळली गेली.

"पट्टी बांध," ते म्हणाले.

त्यानं बांधली. तो उंबऱ्याशी पोचला तेव्हा आबांनी विचारलं, "उद्या येशील ना?"

"येऊ?"

"माझी पाठ बरी झाली का?"

तो गेल्यावर मी आबांवर ओरडलो, "माफ केलंत तुम्ही त्याला?"

"ते मला नाही कळत रे," आबा म्हणाले. "त्यानं उद्या यावं, एवढंच वाटलं."

होळीपर्यंत आबा उठून बसले. पुढं देडतलाईकडं पटकीची साथ आली आणि तिकडं जायला तो आपणहून तयार झाला. निघताना दवाखान्याच्या दारात येऊन म्हणाला, "येतो, बाबू." मी खलात औषध घोटत राहिलो. वर पाहिलं नाही.

महिन्याभरानं पाद्रीसाहेबांनी सांगितलं, तो तिकडंच गेला. रस्त्याकडेला पुरला. बाजारातली बातमी सांगावी तसं मी ते घरी येऊन आबांना सांगितलं.

आबा उठले. भिंत धरत विहिरीवर गेले आणि नेसत्या धोतरानिशी डोक्यावर पाणी घेऊ लागले. आपल्यातलं कुणी गेल्याचं कळलं की घेतात तसं.

"तूही घे," ते म्हणाले.

मी घेतलं नाही. पोहरा मात्र ओढत राहिलो, त्यांनी पुरे म्हणावं म्हणून. त्यांनी बराच वेळ पुरे म्हटलं नाही.