पंख्याची घरघर

भाऊराव विक्रोळीला लोखंडी कपाटं बनवणाऱ्या एका कंपनीत रंगखात्यात होते. कपाटाच्या दारावर धुळीचा एक कण जरी बसला, तरी ते दार पुन्हा घासायला जायचं, आणि तसा निकाल देणारे भाऊरावच. "डाग झाकायचा नसतो. घासून काढायचा आणि नव्याने हात मारायचा," हे त्यांचं ब्रीद. पुढे कंपनीने त्यांना निरोप दिला, पण त्यांच्यातलं रंगखातं काही निवृत्त झालं नाही. कन्नमवार नगरातल्या त्यांच्या घरात मिक्सरला कापड, टीव्हीला कापड, रिमोटला प्लॅस्टिक. त्यात कांजूरच्या कचऱ्याच्या डंपिंगकडून वारा फिरला की खिडक्या धडाधड बंद. बायको नंदा म्हणायची, "एक दिवस मलासुद्धा कापड घालून ठेवाल तुम्ही." ती गेली, आणि ते बोलणं भाऊरावांच्या मनात कुसळासारखं राहिलं.

नंदा गायची. विहारात, जयंतीला, कुणाच्या बारशाला. तिने आवाज लावला की मागे बसलेल्या बायकांच्या गप्पा बंद पडायच्या. पण माणूस आहे तोवर कोण जपून ठेवतं? ती गेल्यावर शोधाशोध झाली, तर मोबाइलमध्ये नुसत्या टाळ्या आणि पोरांची रडारड. धड असं एकच सापडलं. लग्नानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत भाऊरावांनी घरीच टेपरेकॉर्डरवर तिचं एक गाणं भरून घेतलं होतं, त्याची कॅसेट. आता तिच्या वर्षाला विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला होता. भाऊरावांनी मनाशी खूणगाठ बांधली, वंदना झाली की नंदाचाच आवाज लागला पाहिजे. भाषणं झाली नाहीत तरी चालतील.

मुलगी संघमित्रा मुलुंडला नोकरीला. कॅसेटमधलं गाणं उतरवून घ्यायला तिने आपला जुना लॅपटॉप वडिलांकडे आणून दिला. टेपरेकॉर्डरचं वायर जोडायचं भोक कधीच गंजून गेलेलं, म्हणून टेप आणि लॅपटॉप शेजारी ठेवायचे, एकाने गायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं, असं ठरलं.

"पप्पा, हा म्हातारा झालाय, लगेच तापतो," तिने बजावलं. "गादीवर ठेवू नका. खालून, बाजूने हवा खेळली पाहिजे. आणि कापडबिपड तर अजिबात घालायचं नाही हं! तापला की आपोआप बंद पडतो, मग केलेलं सगळं जातं. कॅसेट पण जपून. घाटकोपरचा तो दुकानवाला म्हणाला ना, फितीचा थर सुटत चाललाय."

भाऊरावांनी सगळं मनावर घेतलं. लॅपटॉपच्या जाळ्यांतली धूळ त्यांनी रंगाच्या मऊ ब्रशने काढली. खाली नंदाचं पोळपाट ठेवलं. वर्षभरात त्यावर एक चपाती लाटली गेली नव्हती, निदान काहीतरी उपयोग झाला. समोर टेबलफॅन लावला. लॅपटॉप थंड राहिला आणि गाणं अख्खं भरलं गेलं.

पण ऐकताना भाऊरावांच्या कपाळाला आठी पडली. "घरघर येतेय."

"असू दे ना पप्पा. मम्मीचा आवाज येतोय ना?"

"विहारात लोकांनी नंदाला ऐकायचं की पंख्याला? पूस ते. परत करू."

"परत करा, पण हे पुसायचं कशाला? असू दे एक."

"डाग ठेवून वर दुसरा हात मारत नाहीत. पूस म्हणतो ना."

या घरात रंगखात्याच्या निकालावर अपील नव्हतं. संघमित्राने पुसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कामावर असताना भाऊराव एकटेच बसले. वास सुटला होता, खिडक्या बंद होत्या. त्यांनी टेबलफॅन बंद केला. थोड्या वेळाने लॅपटॉपच्या पोटातला पंखा घोंघावायला लागला. भाऊराव त्याच्याकडे रागाने बघत राहिले. मग उठून नंदाच्या जुन्या साड्यांची गोधडी आणली. मुलीचं बोलणं ते विसरले नव्हते. पण एका गाण्यापुरतं काय होतंय, असं त्यांच्या मनाने घेतलं. लॅपटॉपचा पडदा तेवढा उघडा ठेवून त्यांनी गोधडी चहूबाजूंनी नीट खोचली. घरघर थांबली, आणि त्यांनी टेप सुरू केला.

नंदा गायला लागली. पहिलं कडवं असं स्वच्छ, की रंगाच्या भट्टीतून निघालेलं कपाटाचं दार जणू. भाऊरावांचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, जमलं. आणि पडदा काळा झाला.

गोधडीत हात घातला तर तव्याला हात लागावा तसा चटका बसला. भाऊराव गडबडले. फीत मागे न्यायला म्हणून त्यांनी खटाखट बटणं दाबली, तशी ती आत अडकली. कॅसेट ओढून काढली तर फितीचा चोळामोळा झालेला, तपकिरी थर त्यांच्या बोटांना लागलेला.

संध्याकाळी संघमित्रा आली तेव्हा ते ती फीत मांडीवर घेऊन बसले होते. "मित्रा, वाट लागली गं," एवढंच म्हणाले.

ती रागावली नाही. लॅपटॉप निवल्यावर तिने तो चालू केला. मधेच तुटलेल्या कामातला सुरुवातीचा एक तुकडा त्याने आपसूक राखून ठेवला होता. तिने तो लावला. गाणं त्यात नव्हतंच. गाण्याआधीचं बोलणं होतं.

"अहो, पंखा नका ना बंद करू. उकाड्याने जीव घाबरा होतोय."

"त्याची घरघर भरली जाते गं. एका गाण्यापुरती कळ काढ." हा तरुण भाऊरावांचा आवाज.

खट्कन बटण दाबल्याचा आवाज झाला. मग नंदाने श्वास घेतला, आणि तुकडा संपला.

हे भाऊरावांनी आधी ऐकलं नव्हतं असं नाही. जितक्यांदा कॅसेट लावली तितक्यांदा ऐकलं होतं. पण त्यांचा कान गाण्याकडे, तिच्या बोलण्याकडे कोण लक्ष देतो? आता ऐकायला दुसरं काही उरलंच नव्हतं.

"हे लावायचं विहारात?" संघमित्राने हळूच विचारलं.

"नको."

"मग..."

"पुसू नको. आता काही पुसू नको."

वर्षाच्या दिवशी वंदना झाली. नंदाचं गाणं लागणार नाही हे कळल्यावर विहाराच्या महिला मंडळातल्या बायकांनीच ते म्हणायचं ठरवलं. त्या माइकसमोर उभ्या राहिल्या, तर विहाराच्या जुन्या पंख्यांची खडखड माइकमधून घुमायला लागली. बायका पदराने घाम पुसत होत्या. कुणीतरी उठून बटणांकडे गेलं.

"राहू द्या!" पुढच्या रांगेतून भाऊराव उभे राहिले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. सगळे वळून बघायला लागले. "पंखे चालू राहू द्या. त्यांना गरम होतंय."

मग बायकांनी गाणं म्हटलं. त्या खडखडीत अर्धे शब्द ऐकू आले नाहीत, आणि नंदासारखं कुणालाच जमलं नाही. भाऊराव गाणं संपेपर्यंत उभेच होते.