नाई अजून
सरकीचा वास आला की मला इंग्रजी अमदानीतलं अकोल्याच्या जिनिंगचं ते आवार आठवतं. कापसाचा हंगाम सरला होता, ढीग उठले होते, आणि मोकळ्या झालेल्या जागेत भर दुपारी खेड्यातल्या संसाराचं नाटक लागलं होतं. आम्ही भाजीवाले माळी. बाजार आटोपून आम्हीही बसलो, बाप पुरुषांत, माय आणि मी बायांत. मिशी काढलेला एक गडी बायको झाला होता. त्यानं नवऱ्याला भाकर वाढली, तर नवरा पहिला घास हातातच धरून म्हणाला, "तू जेवली काय वं?" सगळं आवार हसलं. असं कोणता नवरा विचारतो? माझा बाप तर डोळे पुसत हसला. माय मात्र पदराचं टोक दातात धरून त्या नवऱ्याकडेच बघत राहिली. त्या दिवसापासून बापाला खेळच सापडला. घरी सोयरेधायरे जेवायला बसले, की तो घास थांबवून, नाटकातल्यासारखी मान वाकडी करून मायला विचारायचा, "तू जेवली काय वं?" पंगत हसायची. माय वाढता वाढता दर वेळी खरं तेच सांगायची, "नाई अजून." त्या हसण्यात ते कोणाला ऐकूच जायचं नाही. आता मायही नाही आणि बापही नाही. परवा नवऱ्याला जेवायला वाढताना मी ही गोष्ट सांगितली. तोही हसला, आणि ताट पुढं सरकवून म्हणाला, "वाढ."