न केलेल्या यात्रेचं मावंदं

हिमालयातून गडबला, पेणजवळच्या आमच्या गावी, घरी आलो तर अंगणात मांडव. आईनं माझं मावंदं घातलं होतं. यात्रेहून आलेल्याचे पाय धुवायचे, ते पाणी डोळ्यांना लावायचं आणि गावाला जेवू घालायचं, ही आमच्याकडची रीत. फक्त मी यात्रेला गेलोच नव्हतो.

निघताना आईनं विचारलं होतं, "बद्री-केदारला काय रं?" मी म्हणालो, "त्याच बाजूला." मुंबईहून बघितलं तर पेण आणि रोहाही एकाच बाजूला, तसलंच हे. खरं सांगितलं असतं तर धाटावला कंपनीच्या गेटवर येऊन तिनं माझी रजा रद्द करवली असती. वडील मी शाळेत असतानाच गेले. तिला मी एकटाच. आम्ही काही मित्र शिखर चढायला चाललो होतो आणि तिथून सगळेच परत येत नाहीत, हे मला पुरतं ठाऊक होतं. परतताना दिल्लीच्या एसटीडी बूथवरून पेणच्या मामांना 'सुखरूप आहे' एवढं कळवलं, आणि इकडे पंगतीची तयारी सुरू झाली.

वर बर्फाच्या उतारावर माझा पाय सुटला होता. घसरत गेलो, दोर ताणला गेला, थांबलो. खाली नुसती पोकळी. भीती वाटलीच, पण त्याहून जास्त, सांगायची लाज वाटते, मजा वाटली. शिफ्ट, भोंगा, घर, आई, काही म्हणजे काही डोक्यात नव्हतं. पुढचं पाऊल कुठं टाकायचं, बस्स. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

आता मी पाटावर बसलो होतो. पायाची दोन बोटं थंडीनं काळी पडलेली. ती बघून शेजारची म्हातारी आईला म्हणाली, "बघ गो, देवासाठी किती चाललाय तुजा पोर!" गुडघ्यांमुळं म्हातारीची स्वतःची यात्रा राहूनच गेली होती. तिनं माझ्या पायांवर डोकं टेकलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामाही वाकले. मी कुणालाच थांबवलं नाही.

पाहुणे गेल्यावर आई कोमट पाणी घेऊन माझी बोटं शेकायला बसली. तेव्हा मात्र राहवेना.

"आये, मी देवाला गेलोच नाय. डोंगर चढाया गेलतो."

"वर देऊळ नाय?"

"नाय. बर्फ हाय."

"मंग मराया कशाला गेलास?"

मित्रांत या प्रश्नावर मी तासभर बोलायचो. जिद्द, साहस, काय न् काय. तिच्यासमोर त्यातला एकही शब्द तोंडातून फुटेना. "मला बरं वाटतं तिथं," एवढंच म्हणालो.

ती चिडली असती तर परवडलं असतं. तिनं बोटांवर हळूच पाणी सोडलं. "आन हिथं रं?"

 पुढच्या मोहिमेसाठी माझं नाव मी परतीच्या गाडीतच देऊन आलो होतो.