न बांधलेल्या इमारतीला माझं मत

मित्रहो, पन्नाशीच्या गृहस्थाला पहिलीच्या मुलांच्या खुर्चीत बसवणं हे पातक आहे, आणि धर्मशास्त्रात त्याला काहीतरी प्रायश्चित्त नक्कीच सांगितलेलं असणार. आज इथे अमिरातीत, अल ऐनला लेकीच्या शाळेत पालकसभा झाली, तेव्हापासून माझे गुडघे ते शोधत आहेत.

विषय होता शाळेची नवी इमारत. तिच्यासाठी प्रत्येक सत्राच्या फीसोबत थोडे जादा दिरहम द्यायचे का, यावर हात वर करून मत द्यायचं होतं. शेजारी बसलेल्या कुलकर्ण्यांनी सवयीने त्याचे रुपये केले आणि एसीतही त्यांना घाम फुटला.

मग मुख्याध्यापिकाबाईंनी पडद्यावर चित्र दाखवलं. खजुरांच्या सावलीतलं अंगण, उंच खिडक्यांचं वाचनालय. एवढी मोठी माणसं, पण सगळी त्या चित्रात जाऊन बसली होती.

कुलकर्णी आधी भानावर आले. "लेकिन मॅडम, बिल्डिंग तीन साल बाद, और मेरा व्हिसा दो साल का!"

सगळे हसले, कारण सगळ्यांचंच तसं होतं.

"इन्शाल्ला, रिन्यू हो जाएगा सर," बाई म्हणाल्या.

माझ्यासोबत आलेली सातवीतली लेक कानाशी लागली. "बाबा, दॅट विंडो सीट इज माइन, ओके?"

मी हात वर केला. कुरकुरत कुलकर्ण्यांनीही केला.

तुम्ही काय केलं असतं, जरूर सांगा. माझा नोकरीचा करार दिवाळीत संपतोय, आणि ऑफिसात पुढचं कोणी काही बोलत नाही. घरी मी हे अजून सांगितलेलं नाही.