एकशेवीस ओहमचे सासरे

मुलाने लग्नासाठी पसंत केलेली मुलगी घरी आली, तेव्हा सासऱ्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. तिच्या गळ्यातल्या हेडफोनकडे मात्र असं पाहिलं, जणू मुलाने लग्न त्याच्याशीच ठरवलं असावं. चहा निवला, बिस्किटं सादळली, सासूबाई खाकरून दमल्या, तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं.

"किती ओहम?"

"बत्तीस," ती म्हणाली. ती रेकॉर्डिंग स्टुडिओत काम करायची.

"मग जमेल," सासरे म्हणाले आणि लग्न पक्कं झालं.

सासरे पोटासाठी रेडिओ दुरुस्त करत आणि जीव ओतून एकच हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर बांधत. तो सुनेच्या स्टुडिओत बसावा, एवढा एकच ध्यास. स्टुडिओवाले ऐकायला तयारही झाले. नेण्याआधी सुनेने आपला हेडफोन लावून पाहिला.

"बाबा, खर्ज सुजलाय."

"सुजलाय? माझा लावून बघ."

त्यांचा हेडफोन सहाशे ओहमचा, जुना, वजनाला इस्त्रीएवढा. आयुष्यभर त्यांनी सगळं त्याच्यावरच तपासलेलं. त्यावर आवाज स्वच्छ होता.

"बघ. तुझा हेडफोन डॉक्टरला दाखव."

सून हटली नाही. "आउटपुटला रेझिस्टर कितीचा घातलाय?"

"एकशेवीस. शॉर्ट झालं तर जळायला नको."

"मग तोच चोर. माझ्या हेडफोनचा विजेला होणारा विरोध सगळ्या सुरांना सारखा नाही, खर्जात वाढतो. जिथे वाढतो, तिथे तुमचा रेझिस्टर कमी खातो आणि आवाज जास्त पोचतो. तुमच्या सहाशेला त्याचा फारसा जाच नाही. माझ्या बत्तिसाच्या डोक्यावर मात्र तो सासरा होऊन बसतो."

सासूबाई आतून म्हणाल्या, "घरोघरी असतंच बाई."

सासरे फुगून बसले. जेवणावर राग काढून झाला. मग त्यांनीच सोल्डरिंग आयर्न तापवलं, रेझिस्टर उपटला आणि जळू नये म्हणून वेगळं सर्किट बांधलं. सुनेने पुन्हा ऐकलं. खर्ज आपल्या जागी गेला होता. रेकॉर्डिंगमधल्या गायिकेचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"असा आमच्या स्टुडिओत एकही नाही, बाबा."

दुकानात येईल त्याला सासरे सांगू लागले, "सुनेने माझी चूक पकडली." पदक मिळाल्यासारखं. आणि ज्या माणसाने या वयात आपलं लाडकं यंत्र पुन्हा उघडलं, त्याची सून म्हणवताना तिचीही मान ताठ होई. स्टुडिओत तो अ‍ॅम्प्लिफायर तिने स्वतः उचलून नेला.

स्टुडिओने बाजारातला तयार घेतला. त्याला रिमोट होता.