दलदलीची सुकी माती

बाटलीतलं पाणी सांडलं, तर सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावरच्या, दलदलीची काळी माती ते पिईना. थेंब नुसते घरंगळले. कुजक्या पानामुळांची ही माती पूर्वी पावसाळा पोटात धरायची आणि उन्हाळाभर खालच्या वाडीच्या झऱ्याला थोडा थोडा द्यायची. पुरती सुकली की ती पाणी ओळखतच नाही.

"पाऊस कमी झाला म्हणून झरा आटला, असंच ना, साहेब?" रिकामा हंडा घेऊन निघालेल्या पार्वतीबाईंनी टोमणा मारला.

दहा वर्षं मी हेच सांगत आलो. चीड येते स्वतःची! डबकं काय कामाचं, म्हणत रस्त्यासाठी दलदलीचं पाणी काढून द्यायला ऐटीत चर खोदवला, तो मीच.

"पाऊस कमी नव्हता, बाई. चर मी काढायला लावला."

त्यांनी हंडा खाली आपटला. "मग उभे काय राहिलात? बुजवायला फावडं आणा."