कवळीखालची वाळू

पाणी गाळायची वाळू पारखायची म्हणजे लोक काय काय उपद्व्याप करतात! चाळण्या लावून दाणा बघतात, बाटलीत पाणी घालून हलवतात आणि गाळ किती बसतो ते पाहतात, ॲसिडचे थेंब टाकून चुनखडी फसफसतेय का बघतात. आमच्या काकांची रीत न्यारी होती. ते चिमूटभर वाळू तोंडात टाकायचे आणि दाढेखाली धरायचे. गारगोटीचा दाणा दाढेला दाद देत नाही, चुनखडीचा मऊ दाणा मुकाट भुगा होतो. जलशुद्धीकरण केंद्रात एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं आणि कितीतरी ट्रक दारातून परत पाठवले. वाळूचे व्यापारी पाठीमागे त्यांना 'उंदीर' म्हणत आणि समोर आले की 'काका, काका' करत.

निवृत्तीचं वय उलटून चार वर्षं झाली तरी साहेबांनी त्यांना ठेवून घेतलं होतं, ते या दाढांपायीच. मुलगा परगावी, घरात दोघंच. कामावर गेलं नाही तर करायचं काय, हा प्रश्न काकांनी स्वतःला कधी विचारलाच नाही. उत्तराची भीती वाटायची.

आणि नेमके दात हलायला लागले. डॉक्टरने एकेक करत सगळे उपटले आणि कवळी बसवली. हे ठाऊक फक्त काकूंना.

"अहो, ऑफिसात सांगून टाका," काकू म्हणाल्या. "दात पडणं काय गुन्हा आहे?"

"दिसतात ना तोंडात? मग झालं तर."

कवळी अशी झकास बसली होती की काका दहा वर्षांनी तरुण दिसायला लागले. लोकांनी तसं म्हटलंही, आणि काका हसले. हसायला नको होतं.

पुढच्याच महिन्यात दोन नंबरच्या गाळणीच्या टाकीसाठी नवी वाळू आली. प्रयोगशाळेतली केमिस्ट पोर नवीन होती, अजून नोकरीत कायम व्हायची होती. नियमाप्रमाणे ती ॲसिडची बाटली घेऊन आली.

"ठेव ती बाटली," काका म्हणाले. "ॲसिड बिनदातांच्या माणसांसाठी असतं."

पोर खळखळून हसली. काकांनी वाळू तोंडात टाकली. कर्रर वाजलं. पण कवळीखाली काहीही चावलं तरी कर्ररच वाजतं. दाढेच्या मुळाशी जे कळायचं, ते कळलंच नाही. क्षणभर ते थांबले. बाटली अजून पोरीच्या हातातच होती.

"पास," काका म्हणाले. पोरीने अहवालावर सही केली. काकांनी नेहमीप्रमाणे मूठभर वाळू काचेच्या बरणीत भरली, तारखेची चिठ्ठी चिकटवली आणि बरणी फळीवर ठेवली. प्रत्येक ट्रकची अशी बरणी ठेवायची ही त्यांचीच शिस्त.

चार महिन्यांत टाकीने मान टाकली. गाळणी धुवायला खालून पाणी सोडलं की वाळूचे दाणे एकमेकांवर घासत आणि पीठ होऊन वर येत. एरवी दोन दिवसांनी धुवायची टाकी दिवसातून चारदा धुवावी लागायला लागली, तरी पाणी गढूळच. निम्म्या शहराचे नळ बंद झाले. काका गुडघाभर वाळूत उतरले, वरचा थर फावड्याने ओढून काढला, पुन्हा धुतलं, पुन्हा ओढलं. कंबर मोडली, हातांना फोड आले. मुठीत घेतलेली वाळू चिखलासारखी बोटांतून निसटत होती. काय झालंय ते त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरी ते चार दिवस उपसत राहिले, वेड्यासारखे.

पाचव्या दिवशी सकाळी चौकशी लागली. सही केमिस्टची होती, तेव्हा गळफास तिच्याच गळ्यात. चौकशीला निघताना काका बरण्यांच्या फळीपाशी उभे राहिले. ती एक बरणी नाल्यात रिकामी केली, की व्यापाऱ्याने मागाहून वाळू बदलली म्हणायला रान मोकळं. काकांनी बरणी पिशवीत घातली आणि चौकशीच्या खोलीत जाऊन बसले.

"ॲसिडची चाचणी का केली नाही?" साहेबांनी पोरीला विचारलं.

"चूक माझीच, सर. पण वाळू तेव्हा चांगलीच होती. काकांनी स्वतः पाहिली होती. नंतर कुणीतरी बदलली असणार."

काकांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. नोकरी जायची वेळ आली, तरी ही पोर त्यांचीच बाजू घेत होती. त्यांनी पिशवीतून बरणी काढून टेबलावर ठेवली.

"त्याच ट्रकची आहे. टाक ॲसिड."

पोरीने बशीत वाळू ओतली, वर थेंब सोडले. बशीतली वाळू फसफसून वर आली.

"तिने बाटली आणली होती, साहेब. मीच ठेवायला लावली," काका म्हणाले. मग तोंडात बोटं घालून त्यांनी कवळी काढली, वरची आणि खालची, आणि बशीशेजारी ठेवली. गाल आत गेले. समोर एकदम एक थकलेला म्हातारा बसलेला दिसायला लागला. पोरीने मान फिरवली.

"कधीपासून?" साहेबांनी विचारलं.

"वाळू यायच्या महिनाभर आधीपासून."

"अहो काका, मग सांगायचं नाही का तेव्हाच?"

काकांचे शब्द फुसफुसत बाहेर आले, पण सगळ्यांना नीट कळले.

"सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून मला कुणी काही विचारलं असतं का?"

साहेबांनी पोरीच्या नावाचा कारवाईचा कागद उलटा करून ठेवला. काकांनी कवळी रुमालात गुंडाळली आणि बरण्यांच्या खोलीची किल्ली पोरीपुढे सरकवली.